काठावरचे ठोके

टाकीचं झाकण कुणी लावलं? बारक्यानं मुकादमाला विचारलं, दादाबरोबर टाक्या साफ करणाऱ्यांना विचारलं. "टाकीतल्या वायूनं तुझा दादा लगेच गेला रे, त्याला कळलंही नाही," एवढंच जो तो सांगत राहिला.

दादाच्या मुठीत त्याचं चांदीचं जुनं नाणं सापडलं होतं. "बाळाला दाखवायला नीट राहू दे, भावजी," म्हणत वहिनीनं ते बारक्याकडे दिलं. ते घासूनपुसून तो जुन्या नाण्यांच्या पारख्याकडे गेला; तिथं नाणी डबीत बंद करून मिळत.

दुकानात दुपारची सामसूम होती. म्हाताऱ्या पारख्यानं डोळ्याला भिंग लावलं.

"भांड्यांच्या पावडरीनं घासलंस ना?"

"काळं पडलं होतं, काका."

"शहाणाच आहेस! नाण्याला कुणी आंघोळ घालतं का? प्रत उतरली ना त्याची!" त्यानं नाणं फिरवलं आणि त्याचं हसू मावळलं. "वरची झीज हाताळून झालेली आहे. पण काठ... हे ठोके ताजे आहेत. लोखंडावर आपटलंय कुणीतरी. पुन्हा पुन्हा... काठ चेपेपर्यंत."

बारक्यानं वाकून काठ पाहिला. दादा लगेच गेला नव्हता. आतून झाकण वाजवत होता.

"बंद करा," तो कसाबसा म्हणाला. "घट्ट. परत कुणाचा हात लागायला नको."

पारख्यानं नाणं पारदर्शक डबीत बसवलं आणि यंत्रात दाबून डबी कायमची बंद केली.

डबी घेऊन बारक्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला असेल नसेल, तोच शर्टाच्या खिशात वाजलं. टक्... मग पुन्हा, अगदी छातीशी. टक्... टक्... त्यानं डबी बाहेर काढली. नाण्याला तसूभर हलायला जागा नव्हती. तरी त्याच्याभोवती चांदीची बारीक पूड पडली होती.

तो धावत मागे आला. पारख्यानं भिंग लावलं.

"हा ठोका मघाशी नव्हता... आणि झाकणावर ओरखडे आहेत, पोरा... आतून."

आपण काय करून बसलो, ते बारक्याला तेव्हा कळलं. त्यानं मेजावरची हातोडी उचलली.

"अरे थांब, नाणं चेपेल!"

"दादा आत आहे, काका!"

एका घावात झाकण फुटलं. टकटक थांबली. त्यानं नाणं तळहातावर घेतलं. ते घामेजलं होतं. त्याचा हात मात्र कोरडा होता.

तो उन्हात आला. वहिनीच्या दारापर्यंत त्यानं मूठ मिटली नाही.