भिंगरी बिथरते तेव्हा

आमची भिंगरी पळाली तेव्हा माझ्या अंगात दादाचा ढगळा स्वेटर होता आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. असं ध्यान घेऊन कुणी आयुष्यातल्या माणसाला पहिल्यांदा भेटतं का? मी भेटले.

भिंगरी म्हणजे माझ्या भाचीची, चिऊची घोडी. घोडी कसली, तट्टूच ते. पाठ जेमतेम माझ्या छातीला लागते. उन्हाळ्यात अगदी गरीब गाय; पण थंडी पडली, वारा सुटला की बाईसाहेबांच्या अंगात येतं. त्या सकाळी मी फाटकाची कडी काढली मात्र, तिने माझ्या हातातला दोर हिसकला आणि शेपटी वर करून रस्त्याने सुसाट सुटली. मी मागे, "ए भवाने, थांब!" करत.

कोपऱ्यावर एक जण उभा होता. उंच, कानापर्यंत टोपी ओढलेला. मला वाटलं, आता हा तिला अडवेल. पण याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि चक्क पाठ फिरवून खाली बसला. जमिनीवर काहीतरी न्याहाळायला लागला. जमिनीवर काहीही नव्हतं!

"अहो, धरा ना तिला! बसताय काय?"

"तुम्ही आधी पळायचं थांबा," मागे न बघता तो म्हणाला. "कुणी मागे लागलं की तिला चेव येतो."

मी थांबले. भिंगरीही थांबली. तिने कान टवकारले... एक पाऊल... दुसरं... आणि हा बाबा बघतोय तरी काय म्हणून त्याच्या खांद्यावर नाक ठेवलं. त्याने हळूच दोर उचलला.

"पाठ फिरवली की येतात," तो म्हणाला.

"कोण?"

"घोडे." मग माझ्या चपलांकडे बघून हसला. "माणसांचं मला माहीत नाही."

असा राग आला मला! आणि एवढ्या थंडीत कानाच्या पाळ्या गरम झाल्या, तो भाग वेगळा.

हा माणूस घोडेस्वारी शिकवतो, बिथरलेल्या घोड्यांना वळण लावतो, हे कळल्यावर दादाने त्याला त्याच संध्याकाळी घरी बोलावलं. सगळे त्याला मास्तर म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. स्वयंपाकघरात चहाचा कप हातात घेऊन मास्तरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "हिला दाणा कोण घालतं?"

"मी," दादा म्हणाला. "रोज सकाळी, न चुकता."

"अगंबाई, मीही घालते की!" वहिनी म्हणाली. "एवढी थंडी, बिचारीला ऊब नको?"

"मी पण! शाळेतून आले की!" चिऊ खुर्चीवरच उभी राहिली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहात बघितलं. "मी आपलं... झोपायच्या आधी... मूठभर."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "घोडी पाळलीये की जावई? चौघांनी भरवायचं आणि काम शून्य! नाचेल नाही तर काय करेल?"

त्यांनी नियम घालून दिले. दाणा जवळजवळ बंद. सुकं गवत हवं तेवढं, थंडीत खरी ऊब त्यानेच येते. दिवसभर तबेल्यात कोंडायचं नाही, अंगणात मोकळं सोडायचं. आणि रोज चिऊ बसायच्या आधी लांब दोरावर गोल गोल पळवायचं, म्हणजे अंगातली मस्ती उतरते.

"हे मात्र घरातल्याच कुणीतरी शिकायचं," ते म्हणाले. "मी काही जन्मभर येणार नाही."

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घरी पडदे शिवते. माझं मशीन अंगणाच्या खिडकीशी आहे. आणि जी घरी बसून काम करते तिला काहीच काम नसतं, असं आमच्याकडचं एकमत आहे.

तर अशी रोज सकाळी मी दोर धरून अंगणात. तोंडातून वाफा, नाक लाल, बोटं बधिर. मास्तर मागे उभे. भिंगरीशी बोलताना आवाजात नुसता मध... "माझी शहाणी ती, माझी राणी ती!" आणि माझ्याशी? "अहो, दोर पायात येतोय. अहो, कोपर सैल. अहो, लक्ष कुठंय?"

लक्ष कुठं असणार!

एक दिवस मी तडकलेच. "तिच्याशी लाडीगोडी आणि माझ्यावर डाफरणं. हा कुठला न्याय?"

"ती ऐकते."

"मी ऐकत नाही?"

"ऐकता. मान हलवता. आणि मग स्वतःला हवं तेच करता." मग म्हणाले, "पण दोर आता छान धरता हं."

एवढंसं वाक्य, पण त्या दिवशी मी एक पडदा उलटा शिवला. बायकांनी बायकांचा मत्सर करावा, समजू शकते. मी एका घोडीवर जळत होते! काय सांगायचं कुणाला?

पण घोडी परवडली म्हणायची वेळ लवकरच आली. डॉक्टरीणबाई आल्या.

जनावरांच्या डॉक्टर. गावाबाहेर त्यांची स्वतःची घोडेस्वारीची शाळा आहे. उंच बूट, जाड वेणी, आणि हसायच्या अशा की अंगणातले पक्षी उडून जावेत. दर शनिवारी भिंगरीचे खूर नि दात बघायला यायच्या. दात बघून झाले तरी हलायच्या नाहीत. मास्तरांशी कुंपणाला टेकून गप्पा. मास्तर हे, मास्तर ते, आणि मधेच दादाला "ही घोडी माझ्या शाळेला द्या की!" एकदा तर मास्तरांच्या बाहीवरची गवताची काडी काढली. काडी होती, मान्य. पण काढायची काही गरज होती का?

आणि त्याच शनिवारी भिंगरी बिथरली. चांगली दुडक्या चालीने फिरत होती, एकदम मान वर, नाकपुड्या फुललेल्या, मागचे पाय हवेत. मास्तर धावत आले.

"वारा आहे," मी म्हणाले.

त्यांनी झाडाकडे बघितलं. पान हलत नव्हतं.

पुढच्या शनिवारी तेच. मधले सगळे दिवस घोडी अगदी मेणाची. मास्तरांनी डोकं खाजवलं, गवत तपासलं, चिऊची उलटतपासणी केली. "चोरून दाणा घातलास?" "देवाशपथ नाही!" शेवटी मला म्हणाले, "हे बघा, दोर म्हणजे टेलिफोनची तार असते. धरणाऱ्याच्या मनात खळबळ झाली की हात आवळतो, श्वास अडकतो, आणि घोड्याला ते लगेच कळतं. शनिवारी तुम्हाला काय होतं?"

"मला कुठं काय होतंय!" मी एवढ्या जोरात म्हणाले की भिंगरी दचकून बाजूला सरकली. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि मग तिसऱ्या शनिवारी चिऊ पडली. मी दोर धरला होता, ती वर बसली होती, तिकडे कुंपणाशी ते हसणं खळाळलं... आणि भिंगरीने उडी घेतली. चिऊ गवताच्या ढिगावर पडली म्हणून बरं. कोपर खरचटलं. ती रडली नाही, उलट कपडे झटकत "परत बसू?" म्हणाली. पण दादा पांढराफटक पडला.

"बास झालं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी मी स्वतः बघणार. आमच्या माणसाला ही घोडी मास्तरांशिवाय आवरली तर राहील. नाहीतर डॉक्टरीणबाई, तुम्ही मागताय तर घेऊन जा तुमच्या शाळेत."

"आनंदाने!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मास्तरांनाही मी कधीची सांगतेय, माझ्याकडेच या म्हणून. भिंगरी आली तर त्यांनाही यावंच लागेल, नाही का हो?"

मास्तर नुसते हसले. ना हो म्हणाले, ना नाही. मी मनात म्हटलं, संपलं. घोडीही तिची आणि मास्तरही तिचे. आणि माझी चिऊ रिकाम्या तबेल्यात बसून रडणार.

आठवडाभर चिऊने माझी पाठ सोडली नाही. "आत्या, तू तिला सांभाळशील ना? नक्की ना?" मी हो म्हणायचे आणि रात्री उशीला डोकं टेकलं की ती गवताची काडी दिसायची. मनाला दटावून बघितलं. म्हटलं, तो कोण तुझा? लग्न लागलंय का? मन म्हणे, तेच तर.

रविवार उजाडला तो बोचऱ्या वाऱ्याचा. कुंपणाशी दादा, वहिनी, डॉक्टरीणबाई आणि मास्तर. चिऊ वर बसली, टोपीतून फक्त नाक दिसत होतं. मी दोर घेतला, कोपर सैल सोडलं, श्वास सोडला. भिंगरी चालायला लागली. एक फेरी झाली, मग दुसरी. दादाच्या कपाळावरची आठी जरा सैलावली. मला वाटलं, जिंकलो.

आणि मी तिकडे बघितलं. बघायला नको होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या गळ्यातला लाल मफलर काढला आणि "गारठलात की हो!" म्हणत मास्तरांच्या गळ्यात गुंडाळला. चांगले दोन वेढे. वर गाठही मारली.

माझ्या हातातला दोर ताठ झाला. भिंगरीची मान वर गेली. पाठीची कमान झाली. चिऊने खोगिराची कड घट्ट धरली आणि अगदी हळू, मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आत्या... तू चिडलीयेस. हिला कळतंय."

श्वास सोडायचा म्हटलं तर सुटेना. घशाशी काहीतरी अडकलं होतं. ते गिळलं असतं तर चिऊ पडली असती, हे मला लख्ख कळलं. मग गिळण्यात अर्थ नव्हता. मी जागीच थांबले आणि तिथूनच म्हणाले, चांगलं मोठ्याने—

"मास्तर, तो मफलर काढा आधी!"

वहिनीने तोंडावर पदर धरला.

"काय?" मास्तर म्हणाले.

"काढा म्हणते ना! मला नाही बघवत. जळते मी! दर शनिवारी जळते. घोडी बिथरत नाही, मी बिथरते! झालं समाधान?"

बोलून गेले... आणि छातीतून केवढा मोठा श्वास बाहेर पडला! बोटं आपोआप सैल झाली. दोर झोळ खाऊन खाली आला. भिंगरीने मान झुकवली, जोरात फुरफुरली, आणि जवळ येऊन माझ्या स्वेटरला नाक घासलं. मी चालायला लागले, तीही लागली. लाजेने मला वर बघवत नव्हतं. पण आम्ही फिरलो, गोल गोल, चिऊने एक हात सोडून बापाला टाटा करेपर्यंत.

"राहू दे घोडी," शेवटी दादा म्हणाला. मग वहिनीला, आपल्या मते हळू आवाजात, "हिचं हे असं कधीपासून चाललंय?"

"तुम्हाला कधी काही दिसलंय?" वहिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ आल्या. हसत होत्या, पण यावेळी पक्षी उडाले नाहीत. "घोडी तुमच्याकडेच बरी," म्हणाल्या आणि मफलर हातात घेऊन निघून गेल्या. त्या क्षणी मला त्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. फार वेळ नाही.

चिऊला घेऊन सगळे आत गेले. तबेल्यात मी भिंगरीच्या अंगावर झूल टाकत होते. मास्तर दारात येऊन उभे राहिले. गळा उघडा.

"आता माझं इथलं काम संपलं," ते म्हणाले.

"हो." मी झुलीचा बंद उगाचच पुन्हा बांधला. "जा त्यांच्या शाळेत. मी काही अडवणार नाही."

"त्यांना परवाच नाही म्हणून सांगितलं मी."

बंद माझ्या हातातून सुटला. "मग... मघाशी बोलला का नाहीत?"

"बोलायची संधी कुठे दिलीत? सगळ्या अंगणासमोर मफलर काढायला लावलात." ते आत आले. मध्ये फक्त भिंगरी. "आता माझं एक ऐकायचं. नुसती मान हलवायची नाही, खरंच ऐकायचं."

"काय?"

"तो गवताची गाडी घेऊन येतो ना... पिळदार मिशीवाला..."

"त्याचं काय?"

"अख्ख्या गल्लीला ताई म्हणतो. वहिनींना ताई, चिऊलासुद्धा ताई!" मास्तरांचा आवाज चढला, कान लालेलाल झाले. "तुम्हालाच तेवढं नावाने हाक का मारतो?"

मी बघतच राहिले. महिनोन्‌महिने घोड्यांना शांत करणारा हा माणूस, आणि नाकपुड्या बघा कशा फुलल्यात! हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग काय करू म्हणता?"

"उद्या तो आला की मी इथं असेन. तुमच्या शेजारी उभा. मी कोण म्हणून त्याने विचारलं तर..." ते अडखळले. "तर काय सांगाल?"

मी भिंगरीला हलकेच बाजूला सारलं.

"सांगेन, आमचे हे जरा तापट आहेत," मी म्हणाले. "यापुढे मला ताई म्हणत जा."