मासा खात नाही

माशांच्या दुकानातला माणूस खांद्यापर्यंत हात टाकीत घालून उभा होता. तशातच तिने त्याच्या नाकासमोर मोबाइल धरला.

"अंगावर पांढरे ठिपके आलेत... खातही नाही."

त्याने फोटो पाहिला. "टाकीतलं पाणी कमी झालं की काय घालता?"

"मिठाचं पाणी. समुद्रातला मासा ना तो?"

"अहो, उडून जातं ते पाणी. मीठ तिथेच राहतं. वरून गोडं पाणी घालायचं. तुम्ही तर त्याचं लोणचं घालायला निघालात."

तिचा चेहरा एवढासा झाला. टाकी दादाची, आणि दादा बोटीवर नोकरीला. निघताना त्याने वहिनीचा निरोप एकदा घेतला होता, माशाचा तीनदा. आता त्याला काय तोंड दाखवायचं?

ते तोंड बघूनच की काय, संध्याकाळी दुकान बंद करून तो स्वतःच घरी आला. औषध मोठ्या टाकीतल्या प्रवाळांना सोसणारं नव्हतं, म्हणून त्याने माशाला वेगळ्या छोट्या टाकीत हलवलं. "रोज येऊन बघावं लागेल," तो म्हणाला. "खायला लागला की मग माझं काम संपलं."

मग रोज संध्याकाळी दोन डोकी त्या काचेपाशी वाकू लागली.

"मासा इकडे आहे," तो म्हणायचा.

"माशाकडेच बघतेय मी."

"असं? मग तो माझ्या कानामागे राहायला गेला वाटतं."

वहिनी जाता-येता बघत होतीच. "काय गं, माशासाठी कानातले बदललेस?"

आणि एका सकाळी माशाने तिच्या बोटांतला कोळंबीचा तुकडा गपकन ओढला. तिला केवढा आनंद झाला... आणि लगेच लक्षात आलं. आज हा बरा झाला, म्हणजे उद्या तो येणार नाही.

"खाल्लं?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"छे... नुसतं तोंड लावलं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दिवसभर कामात तिचं लक्ष म्हणून लागत नव्हतं. जिन्यात पावलं वाजली की जीव कानांत यायचा, आणि शेजाऱ्यांचं दार उघडलं की रडू यायचं. वेडी झालीय मी, ती स्वतःलाच बजावायची, आणि पुन्हा कान लावून बसायची.

त्या संध्याकाळी तो बराच वेळ टाकीपाशी उकिडवा बसून होता.

"आजही नाही खाल्लं?"

"नाही ना..."

"मग तळाशी हे काय?"

तिने वाकून पाहिलं. छोट्या टाकीत वाळूसुद्धा नव्हती. स्वच्छ काचेवर माशाने सगळा पुरावा मांडून ठेवला होता.

"उपाशी मासा एवढी शी करत नाही," तो हळूच म्हणाला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. औषध तेव्हाच बंद केलं. नुसतं पाणी बदलतोय."

"मग रोज... का आलात?"

तो कोरडे झालेले हात पुन्हा पुसत राहिला. "दुकानात दिवसभर धास्ती असायची. आज तुम्ही खरं बोललात तर..."

दोघांनी मिळून माशाला मोठ्या टाकीत सोडलं. आता खरंच काही काम उरलं नव्हतं. त्याने पिशवी उचलली, दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"मासा बरा आहे," ती मागून म्हणाली. "माझंच तुमच्यावाचून काही खरं नाही."

त्याने मागे वळून पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, आणि चपला काढल्या.