बुरूज कोण फिरवतंय?

"हात काढ! रंग ओला आहे!" पाना ओरडला.

भोंग्याने हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. रणगाड्याच्या पाठीवर त्याचा अंगठा उमटलाच!

"छान! आता इतिहास बदलायला हवा," शंका म्हणाली. "जर्मन सैन्य रणगाड्यांवर अंगठे उठवायचं, असं लिहू या!"

ही काही तिघांची खरी नावं नव्हेत. सुट्टीत मामाकडे आलेल्या पान्याच्या खिशात सदानकदा एखादा पाना नाहीतर पेचकस असायचा. शंका ही त्याची मामेबहीण. तिला एक उत्तर दिलं की ती दोन प्रश्न विचारायची. आणि शेजारचा भोंगा हळू आवाजात बोलला तरी चौकात ऐकू जायचं.

मामांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागची तेलकट वासाची खोली त्यांनी सुट्टीपुरती मुलांना दिली होती. तिथल्या लांब टेबलावर तो उभा होता, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, पँझर-चार. हातभर लांबीचा आणि रिमोटवर चालणारा! मामा तरुणपणी रिमोटवरची छोटी विमानं उडवत. त्यांचाच जुना रेडिओ सेट मुलांनी रणगाड्यात बसवला होता.

पण हे नुसतं खेळणं नव्हतं. वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी तो हुबेहूब हवा होता. प्रदर्शन भरवणाऱ्या संग्रहालयाच्या बाईंनी त्यांना एका खऱ्या रणगाड्याचा फोटो दिला होता. जंगलातला चिखलाचा रस्ता, त्यात रुतलेला रणगाडा, वरची झाकणं सताड उघडी आणि आसपास चिटपाखरू नाही.

"आत पाच माणसं असायची," बाई म्हणाल्या होत्या. "चालक, रेडिओवाला, गोळे भरणारा, नेम धरणारा आणि त्यांचा प्रमुख. या गाडीतल्या पाचांचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही."

"आणि हा रणगाडा ज्यांच्यावर चालून गेला, त्यांचं?" शंकेने विचारलं.

बाई शंकेकडे वळल्या. "त्यांचं ठाऊक आहे. गावंच्या गावं बेचिराख झाली. म्हणून सांगते, नुसता देखणा बनवू नका. खरा बनवा."

मुलांनी मग फोटोतली प्रत्येक खूण हेरली. एका बाजूचा चिखलरोधक पत्रा गायब होता, तो त्यांनीही बसवला नाही. रंग मळकट पिवळा दिला. एक गोष्ट वाचून तर पाना थक्कच झाला. अगदी शेवटच्या बनावटीत तोफेचा बुरूज फिरवणारी मोटर काढून टाकली होती आणि तिच्या जागी इंधनाची जादा टाकी घातली होती. आतला माणूस हाताने चाक फिरवायचा आणि तो अवजड बुरूज धक्क्याधक्क्याने वळायचा.

"आपला मात्र लोण्यासारखा फिरतो," पाना म्हणाला. "आपल्याकडे मोटर आहे ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा पाव आणायला गेला होता. मामा पुढे दुकानात होते. पाना चाकांवरच्या पट्ट्यांना तेल देत होता आणि शंका कागदावर आकडे काढत होती. रिमोट बंद करून फळीवर ठेवलेला. रणगाड्याचं बटण तेवढं चालू राहिलं होतं.

कर्र...

दोघांनी मान वर केली.

बुरूज वळत होता. लोण्यासारखा नव्हे! थोडा वळायचा, थांबायचा. पुन्हा थोडा वळायचा, पुन्हा थांबायचा. आत बसून कुणीतरी दमल्या हातांनी चाक फिरवावं तसा. तोफेचं तोंड सावकाश खिडकीकडे आलं आणि तिथेच थबकलं.

"तू केलंस?" शंका पुटपुटली.

"मी? माझ्या हातात तर तेलाची बाटली आहे!"

शंकेने वाकून झाकणातून आत पाहिलं. वायरी, बॅटरी, अंधार. बाकी काही नाही. तरी तिच्या मानेवर काटा आला. आतला अंधार तिच्याकडे बघतोय असं तिला उगाचच वाटलं.

पाव घेऊन आलेल्या भोंग्याला हे सांगितलं, तर तो खो खो हसला. "घाबरट कुठले! बरं, पाचांपैकी कोण होता? नेम धरणारा असणार!"

कर्र...

 भोंग्याच्या हातातून पावाची पिशवी खाली पडली. बुरूज उलट्या दिशेने आला, धक्के खात, थांबत थांबत. मग पट्टे खडखडले आणि अख्खा रणगाडा टेबलावर पुढे सरकला. थेट भोंग्याच्या दिशेने! टेबलाच्या कडेला येऊन तो थांबला.

"मा... मामा!" भोंगा किंचाळला. या वेळी ते खरंच चौकापर्यंत गेलं असेल.

मामा चष्मा कपाळावर सारून आले. त्यांनी रणगाडा उचलला, हलवून पाहिला, परत ठेवला. "अरे, जुना सेट आहे. त्याला थोडी करकर असायचीच. एवढं काय घाबरायचं?" आणि गेलेसुद्धा.

"यांना कशाचं काही नाही!" शंका चिडली.

त्या दिवसापासून खोलीचा नूरच बदलला. तिघंही हळू बोलू लागली. रणगाड्याकडे पाठ करून बसायला कुणी तयार होईना. पान्याने सगळी जोडणी उकलून पुन्हा केली, रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून खिशात ठेवल्या. तरी दुपारी बुरूज वळलाच! सकाळी मात्र तो गुपचूप असायचा. रिमोट हातात घेतला की शहाण्यासारखा वागायचा. शंकेला जेवताना, अंघोळ करताना तो फोटो आठवे. उघडी झाकणं. चिखल. बाहेर पडलेली माणसं गेली कुठे?

"परत आलीत," भोंगा एकदा म्हणाला. तो मुळीच हसत नव्हता. "आपण त्यांची गाडी इतकी खरी बनवली की त्यांना ती त्यांचीच वाटली."



मग तो बुधवार आला. भोंगा गल्लीतून येत होता. पाना रणगाडा चालवून बघत होता. त्याने बुरूज झपकन उजवीकडे फिरवला आणि त्याच क्षणी बाहेर केवढा तरी आवाज झाला. धडाम्! पाठोपाठ भोंग्याची किंकाळी!

दोघं खिडकीकडे धावली. मागच्या इमारतीवर नवा मजला चढत होता. गच्चीवरच्या छोट्या क्रेनने गल्लीवरून माल वर जायचा. तिची लोखंडी बादली बांधकामाच्या फळ्यांवर आपटून तिरकी लोंबकळत होती, आणि खाली रस्त्यावर ओल्या सिमेंटचा मोठा लगदा पसरला होता. त्यापासून हातभर अंतरावर भोंगा उभा होता, गुडघ्यापर्यंत राखाडी, चेहरा पांढराफटक!

"लागलं का रे?" पाना ओरडला.

भोंग्याने नुसती मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज फुटत नव्हता.

वर ठेकेदार क्रेनवाल्यावर तुटून पडला होता. "झोपा काढतोस? पिऊन येतोस काय रे?"

"आईशप्पथ साहेब, मी बटणाला हात लावला नव्हता!" क्रेनवाला रडकुंडीला आला होता. "ही आपोआप हलते. रोज सांगतोय तुम्हाला. हिच्यात काहीतरी शिरलंय!"

"उद्यापासून येऊ नकोस!"

शंका खिडकीचा गज धरून उभी होती. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"पाना," ती म्हणाली, "बादली आपटली तेव्हा तू काय करत होतास?"

"बुरूज फिरवत..." पान्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

"आणि बुरूज आपोआप फिरतो तेव्हा बाहेर काय चाललेलं असतं? सकाळी ते विटा रचतात. माल दुपारी चढवतात. क्रेनवाला रिमोटचं बटण थोडं थोडं दाबतो, त्याचा इशारा इथेही पोचतो, म्हणून बुरूज थोडा थोडा वळतो! रणगाड्याला भूत लागलेलं नाही, पाना. त्याचं भूत तो क्रेनवाला आहे. आणि क्रेनचं भूत..."

"आपण," पाना म्हणाला. त्याने रिमोट टेबलावर ठेवला. त्याचं बटण बंद केलं. त्याच्या अंगठ्याच्या एका झटक्याने भोंगा... पुढचा विचार त्याला करवेना. खोलीत जे काही वावरतंय असं वाटत होतं, ते इतके दिवस त्याच्याच हातात होतं.

भोंगा दारात आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "मग उभे काय राहिलात?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चला, त्या माणसाची नोकरी जातेय!"

रणगाडा बंद करून, रिमोटसकट काखोटीला मारून तिघं गल्लीत पळाली; ठेकेदार आणि क्रेनवाला एव्हाना खाली उतरले होते. ठेकेदाराने त्यांचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"हे खेळणं माझी क्रेन हलवणार? जा, घरी जाऊन खेळा!"

"तुमच्या क्रेनचा रिमोट कुठून आणलात?" शंकेने विचारलं.

"वायरचा खराब झाला, म्हणून इलेक्ट्रिशियनने हा बसवून दिला. स्वस्तात! तुला काय करायचंय?"

पान्याने क्रेनवाल्याच्या हातातली पेटी पाहिली. चिकटपट्टी गुंडाळलेली, पण ओळख पटायला वेळ लागला नाही. "हा तर मामाच्या सेटचा जुळा भाऊ आहे! दोन्ही एकाच रेडिओलहरीवर चालतात! विमानं उडवायचा सेट! तुमची क्रेन खेळण्याच्या रिमोटवर चाललीय!"

"बडबड पुरे!"

"बरं," शंका शांतपणे म्हणाली. "बादली रिकामी करा, जमिनीपाशी आणा. गल्लीची दोन्ही टोकं अडवा. तुमची पेटी बंद करून त्या विटांवर ठेवा. आम्ही हलवू शकलो नाही, तर तुमच्या पाया पडून माफी मागू. हलवली, तर क्रेन आजच बंद!"

मजूर गोळा झाले होते. त्यांच्यासमोर नाही म्हणणं ठेकेदाराला जड गेलं. "हलवाच! हा बघा, माझा जेवणाचा डबा ठेवतो बादलीत. एवढी खात्री आहे मला!"

भोंगा एका टोकाला उभा राहिला आणि त्याने हरवलेला आवाज परत मिळवला. "थांबा! कुणीही पुढे यायचं नाही!" रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा जागच्या जागी बसलं!

पान्याने रणगाडा आणि रिमोट सुरू करून अंगठा डावीकडे सरकवला.

रणगाड्याचा बुरूज वळला. वर मोटर घुरघुरली, दोर ताणला गेला आणि बादली डब्यासकट उचलली गेली!

"अरे! अरे, माझा डबा!" ठेकेदार दोन्ही हात वर करून उड्या मारू लागला. "खाली आण! कळलं मला! खाली आण!"

पान्याने बादली अलगद टेकवली. क्रेनवाला मटकन विटांवर बसला. "मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय," तो म्हणाला. "घरी कुणाला सांगायचीही सोय नव्हती."

आरडाओरडा ऐकून मामा आले. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. "करकर म्हणून मी उडवून लावलं," ते मुलांना म्हणाले. "मीच तेव्हा नीट बघायला हवं होतं. तुम्ही तिघांनी आज कुणाचा तरी जीव वाचवलात रे!" मग ते भोंग्याकडे वळले. त्यांनी त्याला जवळ घेतलं, सिमेंटसकट!

ठेकेदाराने मजुरांसमोर क्रेनवाल्याचा हात धरून चूक कबूल केली. क्रेनला पुन्हा वायरची पेटी बसवली गेली. मामांनी रणगाड्यात नवा सेट बसवून दिला.

प्रदर्शनाच्या दिवशी संग्रहालयाच्या बाई रणगाड्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "खरा बनवलात," त्या म्हणाल्या. "बघून छातीत धस्स होतं. व्हायलाच हवं. शाब्बास!"

गर्दी पांगल्यावर एक माणूस दारातून संकोचत आत आला. इस्त्रीच्या शर्टातला क्रेनवाला पटकन ओळखूच आला नाही.

"मी... एकदा चालवू?"

पान्याने रिमोट पुढे केला. क्रेनवाल्याने तो तापलेलं भांडं धरावं तसा धरला. अंगठा सरकवला. रणगाडा पुढे गेला. अंगठा उचलला. रणगाडा थांबला. त्याने वळून खिडकीतून बाहेर पाहिलं. छपरं, तारा, आभाळ सगळं जिथल्या तिथे होतं.

"दुसरं काही हललं नाही ना?" त्याने विचारलं.

"काही नाही, काका," शंका म्हणाली.

"मग अजून एकदा," तो म्हणाला, आणि त्या उन्हाळ्यात मुलांनी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.