काळ्या कार्डाची खोली

बस गौरवी, चहा घे. गेल्या आठवड्यातल्या सरावाला तू रजेवर होतीस, म्हणून सांगते.

मोपाला विमानतळ झाल्यापासून आपल्या दवाखान्यात हे सराव वाढलेत. विमान पडलं असं धरायचं, आपल्यातल्याच काहींनी जखमी होऊन गळ्यात कार्डं अडकवायची. लाल म्हणजे आधी बघा, हिरवं म्हणजे थांबू शकतो, काळं म्हणजे मेला. आता काळं कार्ड आपल्या पेडण्यात कोण गळ्यात घालणार? अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सगुण तर हातच मागे घेऊन उभा राहिला. "सिस्टर, माका नाका. घरा आवय आसा." घरी म्हातारी आई ना त्याची.

मग मीच घेतलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा भर दुपारी आडवं व्हायला मिळत होतं. मेलेल्याला कोणी हाक मारत नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

मेलेल्यांसाठी मागचं स्टोअर ठरवलं होतं. खिडक्या बंद, फिनेलचा वास, जमिनीवर दोन चटया. मी डोळे मिटले. बाहेर सगुण हिरवं कार्ड घालून विव्हळत होता आणि सगळे हसत होते. "जत्रेच्या नाटकात घेवया रे ह्याका!"

तेवढ्यात शेजारच्या चटईवरून हळू आवाज आला.

"बाई... ते नाटक न्हाई."

वाटलं, असेल दुसरा कोणी काळ्या कार्डाचा. "गप्प पडा हो, आपण मेलोय."

"मीबी असाच कण्हत हुतो, बाई... तुमी म्हणलात, जरा थांबा."

आवाज ओळखला मी. बेळगावकडचा धोंडिबा, मे महिन्यात बांधकामावरून पडलेला. स्वतःच्या पायांनी चालत आला, म्हणून मी त्याला बाकावर बसवून दुसऱ्यांकडे गेले. आतून रक्तस्राव होत होता. वीस मिनिटांत तिथेच गेला बिचारा. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

शेजारी बघायचं धाडस झालं नाही. तशीच बाहेर धावले. सगुण घामाने थबथबलेला, ओठ निळे पडलेले. खराच हार्ट अटॅक होता. थोडक्यात वाचला.

सोमवारी एक पेशंट घेऊन म्हापशाच्या हॉस्पिटलात गेले, तेव्हा तिथल्या वॉर्डात सगुणला भेटले. म्हणाला, "सिस्टर, तो तुमचो मनीस कोण? बेळगावकडलो... सदांच येता, खाटीकडेन बसता."

"काय म्हणतो?"

"कांय ना. इतलेंच विचारता... बाईंची ड्युटी केन्ना सोंपता?"

आज गुरुवार. सोमवारपासून मी ड्युटी संपूच दिलेली नाही, घरी गेलेले नाही, गौरवी. तू चहा संपव आणि जा. तुझीही रात्रपाळी मीच करते.