शेवटच्या पानावरचे दोन एफ

मावशीबरोबर तपासाला जाताना वकील भाच्याच्या वाट्याला छत्री धरणं आणि गप्प बसणं एवढीच कामं येत. लोकांनी लपवलेलं उघड करणं हा मावशीचा धंदा होता, आणि त्यात ती सख्ख्या भाच्याचीही गय करत नसे.

आज त्यांना बोलावणारी मुलगी पियानोवादक होती. तिचे वडील नावाजलेले संगीतकार. त्यांची शेवटची रचना त्यांच्या मृत्यूनंतर नुकतीच छापून आली होती. मुलीने छापील प्रत आणि हस्तलिखित शेजारी शेजारी ठेवलं. स्वर तेच होते. पण शेवटच्या पानावर छापील प्रतीत दोन 'एफ' होते, म्हणजे खूप जोरात वाजवा. हस्तलिखितात त्याच जागी दोन 'पी', म्हणजे अगदी हळू.

"छपाईची प्रत बाबांच्या शिष्याने तयार केली," ती म्हणाली. "त्याच्याशी माझं लग्न ठरलंय. बाबांच्या शेवटच्या सुरांत ज्याने स्वतःची अक्कल पाजळली, त्याच्याशी मी संसार करणार नाही."

वकिलाला तिची फार दया आली.

मावशी पानं उलटत होती. प्रत्येक पानावर फिकट डाग होते. ओल लागली असणार, असं वकील म्हणाला. मावशीने पुढचं पान उलटलं.

चहा घेऊन आलेल्या मुलीच्या आईला मावशीने संगीतकारांच्या सवयी विचारल्या. शाई वाळेपर्यंत त्यांना दम नसे, आई म्हणाली; लिहिलं की बाड मिटून मोकळे. पूर्वी सगळ्या नकला तीच करायची, आणि दोघांचं अक्षर इतकं सारखं झालं होतं की कुठलं कोणाचं हे त्यांनाही सांगता येत नसे.

तेवढ्यात दारावरची घंटा खणखणली आणि टेबलावरचा लाल दिवा लागला. लिहिताना त्यांना घंटेचा त्रास व्हायचा म्हणून तो बसवला होता, असं आईने सांगितलं.

आलेला माणूस शिष्यच होता. सरांनी लिहिलं तेच उतरवलं, एवढंच तो म्हणाला. सर इतकं जोरात का लिहितील, असं मावशीने विचारताच त्याने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वकिलाच्या मते निकाल लागला होता.

मावशी मात्र पियानोच्या कडेला स्टुलावर बसली. तिच्या कपाळाच्या उंचीवर लाकडाचं पॉलिश उडालं होतं. तिने पर्समधून आरसा काढला.

"वकीलसाहेब, ओल कुठेही पसरते. हे डाग फक्त लिखाणाच्या समोर आहेत. बाड मिटल्यावर ओली शाई समोरच्या पानावर उलटी उमटलीय."

शेवटच्या पानासमोरचा डाग तिने आरशात दाखवला. दोन 'एफ' स्वच्छ दिसत होते.

"पानावर 'पी' आहेत, त्यांच्याखाली कागद खरवडलाय. त्यांचा डाग कुठेच नाही. म्हणजे ते नंतर कोणीतरी लिहिले, शाई वाळू दिली. दम असलेलं, आणि अक्षर त्यांच्यासारखं असलेलं माणूस."

"आई?" मुलगी म्हणाली.

"घंटेचा त्रास होता तर ती काढून टाकली असती," मावशी हळूच म्हणाली. "ती अजून वाजते. दिवा तिच्या जोडीला बसवला, कारण त्यांना ती ऐकू येत नव्हती."

आई खाली बसली. छापील प्रत पाहून ती घाबरली होती. बहिरा झाला म्हणून ठोकत सुटला, असं लोक म्हणतील, ही भीती. हस्तलिखित बदललं की ते 'एफ' छपाईची चूक ठरतील, असं तिला वाटलं. बोट होणाऱ्या जावयाकडे दाखवलं गेलं, तेव्हा तोंड उघडायचं धैर्य राहिलं नाही.

"तू का नाही बोललास?" मुलीने शिष्याला विचारलं.

"ऐकू येत नाही हे कुणाला सांगायचं नाही, असा सरांनी शब्द घेतला होता. आणि काकूंना चोर ठरवून कसं बोलू?"

मुलीने हस्तलिखित आईपुढे सरकवलं.

"शेवटी शेवटी मीच वाजवायचे," आई म्हणाली. "ते तिथे, पियानोच्या कडेला, कपाळ टेकून ऐकायचे. हळू वाजवलं की दचकून विचारायचे, थांबलीस का गं? म्हणून त्यांनी शेवट तसा लिहिला. आणि मी तोच खरवडला."

मग तिने शिष्याला वाजवायला सांगितलं, छापलंय तसंच. मुलीने उठून त्याला जागा दिली आणि ती पान उलटायला शेजारी उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण तो तिला दूर हो असंही म्हणाला नाही.

शेवटचं पान आलं तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. आईने पॉलिश उडालेल्या जागी कपाळ टेकलं होतं.