आवाजाला मनाई

गारखेड्यातल्या एका खासगी अ‍ॅम्ब्युलन्स सेवेचे कॉम्प्युटर ताहेरा सांभाळायची. ड्रायव्हर आणि ऑफिस यांचं सगळं बोलणं कंपनीच्या स्वतःच्या चॅट सर्व्हरवरून चालायचं. मागे कुणीतरी त्यात शिरलं आणि पेशंटचे फोटो गावभर झाले. तेव्हा मालकांनी तिला बजावलं, ‘‘आता मुंगीसुद्धा आत शिरता कामा नये.’’

म्हणून एका पावसाळी दुपारी तिने सर्व्हरवर सक्तीचे नियम बसवले. कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा, ते नियमात लिहायचं. लिहिलं नाही, ते बंद. मग हुकूम खुद्द सर्व्हर चालवणाऱ्याचा का असेना.

‘‘आठवडाभर नियमांना नुसती नोंद घेऊ दे, अडवायला नको,’’ शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी संघपाल म्हणाला. ‘‘काय राहून गेलंय ते कळेल तरी.’’

‘‘मी तपासलंय सगळं,’’ ताहेरा म्हणाली आणि तिने नियम लागू केले. मेसेज जात होते, फोटो जात होते. तिला हायसं वाटलं.

बोललेले निरोप साठवणारा एक छोटा प्रोग्राम वेगळा होता. तो तिच्या ध्यानातच आला नाही. येणार तरी कसा? बोलून निरोप पाठवणारा माणूस एकच, कन्नड गावचा ड्रायव्हर कडुबामामा. ‘‘मला ते टायपिंग नाय जमत ताई,’’ तो हसून म्हणायचा, ‘‘लई बारीक अक्षरं. मी आपला बोलून टाकतो.’’

त्याच दुपारी कडुबामामा चाळीसगावला पेशंट सोडून रिकामी गाडी घेऊन परतत होता. घाटात धुकं इतकं दाटलं होतं की वळण दिसलंच नाही. गाडी खाली गेली. फोन लागेना, तेव्हा तो चॅटवर बोलत राहिला. सर्व्हर प्रत्येक वेळी त्याला नाकारत राहिला.

दुसऱ्या दिवशी गुराख्यांना गाडी दिसली. पडल्यावर बराच वेळ जीव होता, असं डॉक्टर म्हणाले. ताहेराने सर्व्हरची नोंद उघडली, तर नकाराखाली नकार, आणि प्रत्येकावर त्याचंच नाव. आवाज मात्र कुठंच नव्हता. जे नाकारलं, ते साठवलंच गेलं नव्हतं.

तिने चूक दुरुस्त केली. मालकांच्या सांगण्यावरून नियम लिहून कडुबामामाचं खातं बंद केलं. मग ती कन्नडला त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, तिला चहा दिला, जवळ बसवून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘शेवटाला तुमच्याशी काय बोलले का वं ते?’’

‘‘नाही,’’ ताहेरा म्हणाली.

ते खोटं नव्हतं. तरी परतीच्या एसटीत तिला त्या एका शब्दाचीच शरम वाटत राहिली.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, पडद्यावर एक नकार उमटला. बोललेला निरोप. खातं कडुबाचं.

‘‘जुनं काहीतरी अडकलं असेल,’’ संघपाल म्हणाला. त्याने सगळं साफ केलं, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तेच. त्या खात्याला कुठलाच फोन जोडलेला नव्हता. मामाचा फोन तर घाटातच पावसात भिजून कायमचा बंद पडला होता.

मग ते रोजचंच झालं. कुणीतरी यायचं, दार ठोठावायचं, आणि तिचाच नियम त्याला परत पाठवायचा. ताहेराचं जेवण सुटलं. नमाजाला बसली तरी कानात ते ठोठावणं चालूच.

‘‘मी येऊ देणार आहे त्याला,’’ शेवटी ती म्हणाली.

‘‘कोणाला, ताहेरा?... कोणाला?’’

तिने कीबोर्ड पुढे ओढला. त्या एका खात्यापुरती परवानगी लिहिली आणि वाट पाहत बसली. बाहेर रिक्षांचे दिवे लागले. ऑफिसात ओल्या मातीचा आणि डिझेलचा वास पसरला. बाहेर सगळं कोरडं होतं.

निरोप आला.

तिने स्पीकर लावला. आधी नुसता पाऊस. पत्र्यावर टपटपणारं पाणी. मग धाप... आणि मग तो ओळखीचा, घोगरा आवाज.

‘‘ताई... कुणी हाय का तिथं?...’’

ताहेराचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्याच निरोपातून, त्या पावसातून, त्याच्या अगदी कानाशी वाकून कुणीतरी बाई बोलली,

‘‘आहे ना मामा. मी आलेय.’’

संघपाल खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘‘हा... हा तुझा आवाज आहे. तू कधी बोललीस हे?’’

ताहेराने मान हलवली. ती हे कधीच बोलली नव्हती.

निरोप अजून संपला नव्हता. धाप थोडी शांत झाली. मग कडुबामामा सुटल्यासारखा म्हणाला,

‘‘मग द्या बरं हात... थांबा ताई, तुमचाच पाय गाडीत अडकलाय व्हय?’’