पांढरी रेघ

“आता जे सांगतो ते गावात कुणाला पटायचं न्हाई,” येसाजी पायरीवर बूड टेकत म्हणाला. “पण तुला पटंल.”

सावित्री भात पाखडत होती. तिचे हात थांबले नाहीत. कुंभारवाड्यात येसाजीच्या थापा शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाघाला तंबाखू मळून दिल्याची गोष्ट त्यानं भर पंगतीत सांगितलेली. पण आज तो हसत नव्हता. त्याचा धाकटा भाऊ, सावित्रीचा नवरा विठ्ठल, पाच दिवसांमागं धरणाच्या पाण्यापलीकडं कंद काढायला गेला. होडी फुटून काठाला लागली, तो लागला नाही. सुतक धरायचं का नाही, यावर घर अडून बसलं होतं. सावित्रीच्या हातात बांगड्या अजून होत्या.

गावात दुसरी होडी नव्हती. मग भावाला शोधायला येसाजीनं रामनगरहून तेलाचे बारा रिकामे निळे डबे आणले. झाकणांच्या फटीत फणसाचा चीक भरला, वरून सायकलची ट्यूब आवळली, डबे बांबूच्या चौकटीला बांधले. शेजारच्या नागूला सोबत बसवून तराफा काठाशीच तोलून पाहिला आणि डब्यांवर ऑइलपेंटची पांढरी रेघ ओढली. एक माणूस बसला की रेघ पाण्यावर. दोघं बसले की पाण्याखाली.

“काल दुपारी एकटाच निघालो,” येसाजी म्हणाला. “ऊन लख्ख. वारं न्हाई. मध्यावर गेलो आन् तराफा बसला गं. वाकून बघतो, तर रेघ पाण्यात.”

सूप थांबलं.

“मागं कुणी न्हाई. पण ओल्या कांबळ्याचा वास. म्हटलं, विठू? तर बांबू करकरला. माणूस मांडी बदलतो तसा.”

“मग?”

“पलीकडं लागलो, तसा तराफा आपसूक वर आला. आन् चिखलात पावलं, सावित्रे! रानात गेल्याली. पाण्यानं सोडलं त्याला. उतरला तो. जिता हाय. येईल बघ, अणशीच्या रानाकडनं फिरून.”

बोलताना तो अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होता.

सावित्रीनं सूप खाली ठेवलं.

“भावजी, मी काठावर हुते. तुमी एकटंच हुतासा, खरं हाय.”

“व्हय की.”

“पण हितनं निघतानाच रेघ पाण्याखाली हुती.” तिचा आवाज चढला नाही. “मध्यावर गेल्यावर ती वर आली. ते पाण्यातच उतरलं.”